लांब पल्ल्याचे रविवार

मंगळवार, ११ मार्च

आज मला छत्तीस पूर्ण झाली आणि वहिनीने मला धावायचे बूट दिले. मला! समोरून बस सुटत असली तरी जी शांतपणे पुढच्या बसची वाट बघते, तिला. मी म्हटलं, "वहिनी, खोकं बदललं का गं? हे दादासाठी असेल." दादा बोटीवर असतो, वर्षातून दोनदा घरी येतो आणि आला की झोपतो. वहिनी म्हणाली, "घालून तर बघ. रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर एक गट जमतो, नवशिक्यांचा. मी चौकशी केलीय."

बूट मात्र असे बसले की काय सांगू. माझा डावा पाय उजव्याहून मोठा आहे, त्यामुळे नवीन काही पायात घालायचं म्हणजे मला दर वेळी शिक्षाच. हे दोन्ही पायांना माप घेऊन शिवल्यासारखे. वहिनीला स्वतःच्या पोरांच्या बुटांचं माप कधी धड जमत नाही, माझं कसं जमलं कोण जाणे. तिच्याबद्दल मी उगाच काहीबाही बोलत असते, जीभ आवरायला हवी.

वही एवढ्यासाठी सुरू केली की घरात माझं तोंड उघडत नाही. मागच्या सप्टेंबरात मी आणि तो इसम गादी घ्यायला गेलो होतो. (त्याचं नाव या वहीत येणार नाही. इसम. पोलिसांच्या कागदात असतो तसा.) दुकानात पडून बघतात तसे आम्ही शेजारी शेजारी पडलो होतो आणि छताकडे बघत तो म्हणाला, "गादी नको घेऊया. मी जाणार आहे." ऑफिसातली कुणीतरी. सरळ केसांची. माझा संसार तिथे उताणा पडलेला आणि दुकानदार विचारतोय, "मॅडम, जरा कडक दाखवू का?"

तेव्हापासून मी माहेरी, दादाच्या जुन्या खोलीत. खाली आई, बाबा आणि मी, वरच्या मजल्यावर वहिनी आणि पोरं. धावायला जाणार नाही हे मी आत्ताच लिहून ठेवते.

रविवार, २३ मार्च

गेले. आईने अंगावरचं पांघरूण ओढून काढलं. म्हणाली, "वहिनी एवढे बूट आणते आणि तू त्यांना शोकेसमध्ये ठेवणार का?" हीच आई मला शाळेत खेळाच्या तासाला चिठ्ठी लिहून द्यायची, की मुलीला धाप लागते.

गटाला शिकवणाऱ्यांच्या गळ्यात शिट्टी असते आणि ते ती बोलण्याऐवजी वापरतात. शिट्टीसर. त्यांनी आम्हाला कालव्याच्या कडेने पिटाळलं. मी पेट्रोल पंपापर्यंत पोचले आणि हवा भरायच्या यंत्राशेजारी बसले. पंपावरचा माणूस म्हणाला, "ताई, हवा भरू का?" त्यावर मला इतकं हसू आलं की रडायलाच आलं. माझ्याबरोबर मागे राहिली ती एक साठीची बाई, लायब्ररीत होती, आता निवृत्त. ती म्हणाली, "रडून घे. चालताना रडता येतं, धावताना नाही येत, श्वास पुरत नाही. म्हणून तर मी धावते." कोण गेलं तिचं, विचारलं नाही.

रविवार, ६ एप्रिल

बाबांची दाढी झाली!

हे लिहिण्यासारखं का, तर अर्धांगाच्या झटक्यापासून बाबांचा उजवा हात कामातून गेलाय, जीभ जड झालीय आणि स्वभाव मात्र होता तसाच, म्हणजे हट्टी. गालाला कुणाला हात लावू देत नाहीत. एकटा तो इसम त्यांची दाढी करायचा, दर रविवारी, हॉस्पिटलपासून. तो गेला आणि बाबांनी दाढी वाढवली. आईने एकदा प्रयत्न केला तर डाव्या हाताने फेसाचा वाडगा उडवला. मी केला तर भिंतीकडे तोंड फिरवलं. सहा महिने बाबा त्या भिंतीशीच संसार करत होते. आज मी कालव्यावरून आले तर गाल गुळगुळीत आणि ताटातलं अंडं संपलेलं. आई म्हणाली, "एक न्हावी मिळालाय. रविवारी सकाळी घरी येऊन करतो."

मी म्हटलं, "देवमाणूस दिसतोय." आई दूध बघायला आत गेली.

रविवार, १८ मे

आज न थांबता पंपाच्या पुढे, गोदामांच्या पुढे, पुलापर्यंत. हवा भरणाऱ्याने हात केला. परत आल्यावर शिट्टीसरांनी शिट्टी न वाजवता "ठीक" असं म्हटलं. ऑक्टोबरातल्या मॅरेथॉनला नाव घातलं. पूर्ण. अर्धी नाही. लायब्ररीवाल्या बाई म्हणाल्या, "वेडी आहेस." त्यांनीही घातलंय.

का घातलं ते खरं खरं लिहिते. माझ्या आयुष्यात अशी एक वस्तू नाही जिला त्या इसमाचा हात लागलेला नाही. चहाचा मग त्याने आणलेला. गाणी त्याने लावलेली. लॅबमध्ये मी कवळ्या करते, तिथलं मेण तापवायचं छोटं यंत्र बिघडलं की तो दुरुस्त करून द्यायचा, आता ते यंत्र गरम करतानाही डोळ्यांपुढे तोच. रडतानासुद्धा त्याने शिकवलं तसं आधी नाक शिंकरते. पण धावताना तो कुठेच नाही. त्याने मला धावताना कधी बघितलेलं नाही. कालव्याच्या कडेने धावणारी मी त्याच्या ओळखीची नाही. हे माझं एकटीचं आहे आणि मला ते शेवटपर्यंत नेऊन बघायचंय. बस.

गुरुवार, १९ जून

पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं. शिट्टीसर म्हणाले, "अभिनंदन." काय लोक आहेत.

रविवार, २९ जून

हा न्हावी आहे की कोण आहे? बाबांची दाढी करतो, नखं कापतो, आणि आज आल्यावर बघते तर बाथरूमचा ठिबकणारा नळ बंद! मागच्या रविवारी बाल्कनीचं दार घासायचं थांबलं होतं, ते मी हवेमुळे समजले होते. मी आईला म्हटलं, "मला भेटायचंय एकदा त्याला. कल्ले जरा वर घेत जा म्हणावं." आई म्हणाली, "तो घाईत असतो गं, त्याला पुढे खूप घरं असतात."

बाबा हसले. तोंडाची एकच बाजू हसते, पण हसले. "चां...गलाय," म्हणाले. मला इतकं बरं वाटलं. इसमाशिवाय जग चालतं याचा पुरावाच की हा. एक गेला, दुसरा आला, दाढी होतेच.

शनिवार, २६ जुलै

कणकण आहे. उद्या नाही जात म्हटलं, तर आईचा चेहरा पडला. "अगं, हलकं जाऊन ये. नुसतं बसलं की अंग आंबतं. नाहीतर असं कर, त्या लायब्ररीवाल्या बाईंकडे जाऊन बस, त्याही एकट्या असतात." ताप आलेल्या मुलीला घराबाहेर काढणारी जगातली पहिली आई. माझी मॅरेथॉन माझ्यापेक्षा तिनेच जास्त मनावर घेतलीय. लॅबमध्ये मालकीणबाईंना सांगितलं तर त्यांचे डोळे पाणावले. म्हणाल्या, "अशी आई मिळायला नशीब लागतं."

रविवार, ३१ ऑगस्ट

आता आई शनिवारी रात्री विचारतेच, "उद्या किती?" मी म्हणते सव्वीस किलोमीटर. ती मनात हिशेब करते आणि म्हणते, "म्हणजे साडेदहा होतील." आणि होतात! शिट्टीसरांचं घड्याळ चुकेल, आईचं नाही. वहिनीसुद्धा रविवारी खाली येऊन आईला मदत करते. पहाटे माझ्या बाटलीत लिंबूपाणी भरलेलं, केळं ठेवलेलं, दारात बूट सरळ करून ठेवलेले. या बायकांना मी इतकी वर्षं ओळखलंच नाही. एक माणूस सोडून जातो तेव्हा मागे कोण उरलंय ते दिसतं, हे कुणीतरी म्हटलंच असेल, नसेल तर मी म्हणते.

आज पुलावर सरळ केसांची एक बाई समोरून आली. ती नव्हती. तरी मी पुढचा पट्टा जीव खाऊन पळाले आणि नंतर कठड्याला धरून ओकले.

रविवार, २१ सप्टेंबर

बत्तीस. बत्तीस!! यापेक्षा लांब आता थेट शर्यतीच्या दिवशी. शेवटच्या चढावर लायब्ररीवाल्या बाई माझ्याशी भांडत होत्या, म्हणजे त्या काहीतरी बोलत होत्या आणि मी प्रत्येकाला "नाही" म्हणत होते, पण पाय चालू होते. घरी आले तर अकरा वाजून गेलेले, आईने मला मिठी मारली आणि तिला रडू आलं. "तू बरी झालीस," म्हणाली. "मला वाटायचं तू काही उठत नाहीस यातून." मी म्हटलं, "उठले की." बाबांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. त्यांच्या गालाला साबणाचा ओला वास येत होता.

आज मी खूश आहे हे कबूल करायला हरकत नाही. गादीच्या दुकानाला वर्ष होऊन गेलं आणि तारीख माझ्या लक्षातही राहिली नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

शिट्टीसरांनी आज डोकं फिरवलं. म्हणतात, आता शर्यतीपर्यंत उलटं. रोज कमी कमी. उद्याचा लांब पल्ला म्हणजे जेमतेम पंपाच्या पुढे जाऊन परत. मी म्हटलं, "सर, परीक्षा तोंडावर आली आणि अभ्यास बंद?" ते म्हणाले, "आता अभ्यास करून येणार काही नाही, असलेलं जाईल. पायांना झोपू द्या." सगळ्या नवशिक्यांना हे चुकीचं वाटतं म्हणे. घरी सांगितलं नाही. आईला तर उद्या मी छत्तीस धावणार असंच वाटतंय, तिने विचारलंसुद्धा नाही, केळी दोन ठेवली आहेत. उद्या लवकर येऊन चकित करते सगळ्यांना. येताना बेकरीतून ताजे बन आणीन. न्हाव्यालाही एक.

रविवार, २८ सप्टेंबर

लिहवत नाही. लिहिते.

आठच्या आत घरी आले. दार उघडंच होतं. हातात बनची पिशवी, अजून गरम. पुढच्या खोलीत खिडकीशी बाबांची खुर्ची. बाबांचं डोकं मागे टेकलेलं, डोळे मिटलेले, मान पूर्ण उघडी. आई शेजारी स्टुलावर बसून त्यांना पेपर वाचून दाखवत होती. वहिनी गरम पाण्याचं भांडं घेऊन उभी. आणि खांद्यावर आमच्या घरातला निळा टॉवेल टाकून, बाह्या दुमडून, बाबांच्या गळ्यावरून वस्तरा वर नेत होता तो. इसम.

मी ओरडणार होते. ओरडता येईना. वस्तरा गळ्यावर होता. बाबा दचकले असते तर? म्हणून मी उभी राहिले. माझ्याच घरात, घामाने निथळत, त्याचं काम पुरं होईपर्यंत. केसाने गळा कापणं म्हणतात ते आजवर ऐकलं होतं. वस्तरा बाबांच्या गळ्यावर होता आणि कापली जात होते मी.

त्याला मी आरशात दिसले. हात थांबला. बाबा डोळे न उघडता म्हणाले, "थां...बलास का रे?" त्याने उरलेली बाजू पुरी केली. अगदी सावकाश, कानाखालची रेघ धरून. वस्तरा पुसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आज लवकर?"

आज लवकर! जसा मीच त्याच्या घरात वेळ चुकवून घुसले होते.

आई म्हणाली, "अगं, तुझे आज छत्तीस होते ना?" तिच्या तोंडून पहिलं वाक्य हे निघालं. मग मला सगळं कळलं. साडेदहा होतील. लिंबूपाणी. सरळ करून ठेवलेले बूट. ताप असताना हलकं जाऊन ये. नळ. मी पिशवी खाली टाकली आणि तोंडाला येईल ते बोलले, ते इथे लिहिणार नाही. तो टॉवेल घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवून निघून गेला. घडी त्याच्याच पद्धतीची, तीन पदरी.

तो गेल्यावर आई म्हणाली, "ह्यांनी जेवण सोडलं होतं. तुला दिसत नव्हतं? तू स्वतःच्या खोलीत दार लावून, हे भिंतीकडे तोंड करून. मी कुणाला धरू? मीच त्याला फोन केला. तो हो म्हणाला. त्याने तुला सोडलं, ह्यांना नाही सोडलं."

मी म्हटलं, "आई, त्याने मला सोडलं म्हणजे तुम्हालाही सोडलं असं नसतं का?"

ती म्हणाली, "नसतं गं. तसं असतं तर बरं झालं असतं."

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले, "बाबा, तुम्हाला माहीत होतं की मला माहीत नाही?" ते खूप वेळ जुळवत होते. मग म्हणाले, "रवि...वार फक्त." जसा मी त्यांचा रविवार मागितला होता. आठवड्यातला एवढा एकच दिवस, तेवढा तरी राहू दे.

शेवटी आईने माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तो या घरात परत येणार नाही.

सोमवार, २९ सप्टेंबर

लॅबमध्ये एका आजोबांची कवळी हातातून पडली, दोन तुकडे. मालकीणबाई म्हणाल्या, "आईशी भांडलीस का?" म्हटलं, "आपलेच दात, आपलेच ओठ." त्या हसल्या. त्यांना वाटलं मी कवळीवरून विनोद करतेय.

बुधवार, १ ऑक्टोबर

मला एक गोष्ट छळत होती म्हणून वर गेले. वहिनी इस्त्री करत होती. विचारलं, "बूट द्यायची कल्पना कुणाची?" तिने इस्त्री उभी केली. पोरांना आत पाठवलं. तेवढ्यात मला उत्तर मिळालं, तरी तिच्या तोंडून हवं होतं.

"रविवारी सकाळी तू घरात असायचीस," वहिनी म्हणाली. "बाबांकडे येणार कसा तो? आम्ही म्हटलं तिला देवदर्शनाला पाठवू, शिवणाच्या वर्गाला पाठवू. तो म्हणाला, वर्गबिर्ग ती दोन आठवड्यांत सोडेल. धावायला पाठवा. सुरुवातीला शिव्या देईल, पण एकदा धरलं की सोडणार नाही, तिचा स्वभाव आहे. बूटही तोच घेऊन आला. डाव्या बुटातला आतला एक पातळ तळ काढून टाकलाय म्हणाला, तिचा तो पाय मोठा आहे."

मी जिन्यात बसले. पोरांच्या सायकलीशेजारी. वहिनी मागून येऊन बसली आणि म्हणाली, "रागावू नकोस, पण तुझं भलंच झालं ना त्यात?"

हेच तर. भलं झालं. बाकी सगळं त्यांनी केलं असतं तर मी एक दिवस माफ केलं असतं. घरात आणलं, जेवू घातलं, माझ्या पाठीमागे हसले-बोलले, ठीक. पण कालव्याच्या कडेचा तो रस्ता माझा होता. मी जगात एवढीच एक गोष्ट त्याच्याशिवाय केली असं मला वाटत होतं, आणि ती त्याने आखून दिली होती. मी त्याच्यापासून लांब पळत होते आणि तो मागे उभा राहून मला पळवत होता. त्याला मी अजून इतकी पाठ आहे, आणि तरी तो गेला.

शनिवार, ४ ऑक्टोबर

नवे बूट आणले. दुकानात बरे वाटले. पुलापर्यंत जाऊन आले तर डावी टाच सोलून रक्त. शिट्टीसर म्हणाले, "शर्यतीच्या तोंडावर नवीन काही नाही. नवे बूट नाहीत, नवे मोजे नाहीत, नवा नवरासुद्धा नाही." सगळे हसले, मी सोडून. मग मी त्यांना सांगितलं की मी धावणार नाही, बुटांचं कारण आहे, आणि बाकीचं सांगता सांगता मैदानावर बसून हंबरडा फोडला. शिट्टीसर घाबरून शिट्टी वाजवायला लागले.

लायब्ररीवाल्या बाई माझ्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, "मला माझे पहिले बूट सासूने दिले. ती मला उभ्या जन्मात आवडली नाही. तिचे बूट झिजवून टाकले, दुसरे घेतले." मग माझी टाच बघून म्हणाल्या, "हे घाण दिसतंय. औषध लाव."

शनिवार, ११ ऑक्टोबर

उद्या. धावणार आहे. त्याचेच बूट घालून, दुसरे नाहीत म्हणून. झिजवून टाकणार आहे.

बाबांची दाढी दोन आठवड्यांची झालीय. पुन्हा भिंत. आज संध्याकाळी मी गरम पाणी घेऊन गेले, म्हटलं, "बाबा, मी करते, हळू करीन, मी दिवसभर लोकांचे दात घडवते, माझा हात हलका आहे." त्यांनी डोळे मिटून मान फिरवली. मी पाणी बेसिनमध्ये ओतलं. मनात आलं, बोलवावं का त्याला, मीच. मग स्वतःचाच राग आला.

आई विचारत होती, "येऊ का बघायला?" मी म्हटलं नको, बाबांकडे कोण बघणार. मग तिने विचारलं, "किती वाजतील?" आणि लगेच जीभ चावली, तिला स्वतःलाच ते कसंतरी वाटलं असावं. मलाच तिची दया आली. मी म्हटलं, "खूप हळू धावणार आहे, घरी यायला दोन वाजतील." या वेळी विचारण्यात काही काळंबेरं नव्हतं. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवलाय. ती काय वाटेल ते करेल, खोटी शपथ घेणार नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

हे घरी लिहीत नाही. लायब्ररीवाल्या बाईंच्या सोफ्यावर पाय वर करून बसले आहे. त्या आत झोपल्यात, घोरतात. त्यांनी पूर्ण केली. मीही केली.

पहिला अर्धा भाग काही लिहिण्यासारखा नाही. अंधारात निघालो, उजाडलं, गोदामं गेली, पूल गेला. पंपावरच्या माणसाने ओरडून हवा भरायची का विचारलं. पुढे बाई मागे राहिल्या, मला म्हणाल्या, "थांबलीस तर बघ." बत्तीसच्या पुढे मी कधी गेले नव्हते. तिथून पुढे पाय माझे नव्हते, मांड्यांत कुणी प्लास्टर ओतून साचा धरलाय असं वाटत होतं. एका वळणावर मी चालायला लागले आणि चालताना रडता येतं, तर रडले.

आणि तिथे काय चाललं होतं ते लिहिते, इथे नाही लिहिलं तर कुठे लिहिणार? मी त्याला सांगत होते. मनातल्या मनात, पार पहिल्या पावलापासून. बघ, तो चढ आला. बघ, माझी टाच दुखतेय पण धरून आहे. तुला सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. सहा महिने मी प्रत्येक रविवारी त्याच्याशीच बोलत धावले होते आणि मला वाटत होतं की तिथे तो नाही. आई फितूर, वहिनी फितूर, बाबा फितूर, आणि सगळ्यात आधी मी. मला इतका संताप आला की मी पुन्हा धावायला लागले. शेवटचा पट्टा शिव्या देत धावले, मोठ्याने, बाजूची माणसं बघत होती. शर्यतीची शेवटची रेघ ओलांडून आत गेले तेव्हा अकरा वाजायला आले होते. वाटलं होतं त्याच्यापेक्षा खूपच लवकर.

आत एक मुलगी होती, स्वयंसेवक, गळ्यात पट्टा. तिने मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. माझा फोन सामानाच्या तंबूत होता आणि उठायची ताकद नव्हती. तिने स्वतःचा फोन पुढे केला. "ताई, घरी कळवायचं असेल ना? घ्या."

बोटांनी नंबर लावला. घरचा मला पाठ नाही, फोनमध्ये असतो. एकच नंबर मला पाठ आहे. मी काय करतेय ते मला कळत होतं आणि तरी मी थांबले नाही. फक्त एवढंच सांगायचं होतं की झालं. नंतर पुन्हा कधीच काही सांगायचं नव्हतं.

त्याने उचलला. "हॅलो? कोण बोलतंय?"

माझा श्वास अजून जागेवर आला नव्हता. तेवढ्यात त्याच्या मागून पाण्यात वस्तरा खळखळल्याचा आवाज आला आणि बाबांचा, जड, आनंदी: "को...ण आहे रे?"

"कुणी नाही, बाबा," तो म्हणाला. "हनुवटी वर घ्या."

आणि लांबून, बहुतेक स्वयंपाकघरातून, आई: "सावकाश होऊ दे. दोनपर्यंत काही येत नाही ती."

मी फोन कानाला तसाच धरून होते. त्याने ठेवला तरी धरून होते. मग त्या मुलीला परत दिला. ती माझ्या गळ्यात पदक घालत होती आणि हसत होती. "लागला का, ताई? खूश झाले असतील सगळे."

"हो," मी म्हटलं. "घरी आहेत सगळे."